सीएनजीवर झकास, पेट्रोलवर मिसिंग: इंजेक्टर बदलूनही परत येणारा बिघाड

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. सकाळी गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि पहिली दोन-तीन मिनिटं थरथरते. सिग्नलला उभी असताना स्टिअरिंगमध्ये हादरा येतो, बंद पडते की काय असं वाटतं. मग इंजिन तापतं, किटच्या स्विचवरचा दिवा बदलतो, गाडी सीएनजीवर जाते आणि सगळं गप्प. दिवसभर तक्रार नाही. पिवळी चेक इंजिन लाईट कधी लागते, कधी आपोआप जाते. आणि महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी सीएनजी संपतो, गाडी पेट्रोलवर येते आणि पिकअपच मरतो.

माझी गाडी २०१४ ची, १.२ लिटरची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. २०१८ मध्ये बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट (प्रत्येक सिलिंडरला गॅसचा वेगळा इंजेक्टर असलेलं) बसवलं. पुण्यात रोजचं जाणं-येणं असलं की हा हिशोब कोणालाही पटतो. तेव्हापासून पेट्रोलचा काटा शेवटच्या दांडीच्या आसपास. पाचशेचं पेट्रोल टाकलं की ते महिनोन्‌महिने पुरायचं आणि मी त्याचं कौतुक सांगत फिरायचो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रकरण टोकाला गेलं ते खंबाटकीत. साताऱ्याला निघालो होतो, घरचे चौघं आणि डिकीत गॅसच्या सिलिंडरमुळे न मावलेलं सामान मांडीवर. घाटाच्या पायथ्याशी सीएनजी संपला. पेट्रोलवर दुसऱ्या गिअरलाही गाडी झटके देत चढत होती आणि मागून ट्रकचे हॉर्न. वर पोचल्यावर गाडीच्या संगणकातला बिघाड वाचणारा स्कॅनर लावला तर कोड पी०३०३, म्हणजे इंजिनाच्या तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर: तिथे इंधन नीट पेटत नाही, यालाच मिसिंग म्हणतात.

इथून पुढे मी जे केलं ते क्रमाने सांगतो, कारण चूक क्रमातच होती.

पहिल्यांदा गाडी एका गॅरेजला दिली. त्यांनी चारही प्लग आणि तीन नंबरची कॉईल बदलली. बिल भरलं, आठवड्यात परत तेच. आता वळून पाहताना राग गॅरेजपेक्षा स्वतःचा येतो, कारण प्लग-कॉईल निर्दोष आहेत हे गाडी स्वतःच सांगत होती. दोन इंधनांच्या गाडीचा हा एक मोठा फायदा आहे आणि तो फार कमी जण घेतात. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजला किंवा कॉईल कमजोर झाली तर आधी सीएनजीवर मिसिंग दिसेल, पेट्रोलवर नंतर. कॉम्प्रेशन गेलं असेल तर दोन्हीवर दिसेल. फक्त पेट्रोलवर मिसिंग आणि सीएनजीवर लोण्यासारखी गाडी, याचा अर्थ प्लग, कॉईल, व्हॉल्व्ह, रिंगा हे सगळे फुकटात सुटले. उरतो तो फक्त पेट्रोलचा रस्ता: टाकी, पंप, फिल्टर, रेल (चारही इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी), इंजेक्टर (इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारा) आणि इंजेक्टरपर्यंत जाणारी वायर. त्यातही एकाच सिलिंडरची तक्रार असेल तर पंप आणि फिल्टर मागे पडतात, कारण ते चौघांचे सामाईक.

यादीतला शेवटचा शब्द मी तेव्हा वाचलाच नाही.

मधल्या काळात इंजेक्टर क्लीनरची बाटलीही टाकीत ओतून झाली. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या टाकीत क्लीनर ओतणं म्हणजे उपवासाच्या दिवशी जेवणानंतरची गोळी घेणं. ते औषध इंजेक्टरमधून जायला पेट्रोल जळावं तर लागतं.

मग मी ठरवलं, इंजेक्टर घरी बदलायचा. तीन नंबरचा एक नवा आणला. काम कसं केलं ते लिहितो, पण त्याआधी एक रेघ ओढतो. हे सगळं साध्या पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे सिलिंडरच्या बाहेर हवेच्या वाटेत फवारा मारणाऱ्या, पेट्रोल गाडीबद्दल आहे. तिथे रेलमध्ये दाब साधारण ३ ते ४ बार असतो. कॉमन रेल डिझेलमध्ये तो १६०० बार आणि त्याहून वर जातो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि बोट गमवावं लागू शकतं. शिवाय बऱ्याच डिझेल इंजेक्टरांचा कोड संगणकात नव्याने भरावा लागतो, तांब्याचे वायसर दर वेळी नवे लागतात. डिझेलवाल्यांनी आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोलवाल्यांनी हे घरी करू नये. मीही करणार नाही.

जागा मोकळी हवी. आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे, तिथे मी पाना लावत नाही. सीएनजी हवेपेक्षा हलका, तो वर निघून जातो. पेट्रोलची वाफ जड, ती जमिनीलगत साचते आणि उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ पेट्रोल सोडतं. त्यामुळे गाडी वर, गेटजवळच्या उघड्यावर. जवळ पावडरचं अग्निशामक, पिवळ्या बल्बचा हँडलॅम्प अजिबात नाही, एलईडी टॉर्च फक्त. वॉचमनकाका विडी ओढत बघायला आले, त्यांना हात जोडून लांब बसवलं.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आधी डिकीतल्या सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद. किटच्या उच्च दाबाच्या बाजूला, म्हणजे सिलिंडरपासून गॅसचा दाब कमी करणाऱ्या रिड्युसरपर्यंतच्या नळीला, हात लावायचा नाही. तिथे भरलेल्या सिलिंडरचा २०० बारचा दाब असतो. मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून परत लावायचं, आतली वाफ निघते. फ्यूज बॉक्समधला फ्युएल पंपाचा फ्यूज काढायचा, गाडी पेट्रोलवर सुरू करायची आणि आपोआप बंद पडू द्यायची. परत दोनदा दोन-तीन सेकंद सेल्फ मारायचा. रेलमधला दाब उतरतो. सगळ्यात शेवटी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. हा क्रम उलटा केला तर दाब तसाच राहतो आणि नळी सुटल्यावर पेट्रोल तोंडावर येतं. चष्मा घाला, तरीही.

एअर फिल्टरचा डबा निघाला की रेल दिसते. किटच्या गाडीत इथे गर्दी असते: गॅसच्या चार रबरी नळ्या, त्यांचे इंजेक्टर, वायरांचा गुंता. नळ्या उपटण्याआधी प्रत्येकीला कागदी टेप लावून नंबर लिहा. दोन आणि तीनची अदलाबदल झाली तर गाडी सीएनजीवरही बिघडेल आणि मग वरचा सगळा तर्क कोलमडला.

पाना लावण्याआधी इंजेक्टरांच्या बुडाशी साचलेली माती ब्रशने झाडा, फुंकणीने उडवा. ही पाच मिनिटं चुकवू नका. इंजेक्टर निघाला की खाली उघडं भोक थेट व्हॉल्व्हवर जातं, तिथे पडलेला खडा परत येत नाही. कनेक्टरचं कुलूप दाबून काढा, वायर ओढून नाही. दहा वर्षांचं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. इंधनाच्या नळीखाली कापड धरून तिचा क्लिपवाला सांधा सोडवा, थोडं पेट्रोल येणारच. मग रेलचे बोल्ट. माझ्या गाडीत दोन, १० नंबरच्या गोटीचे. रेल दोन्ही हातांनी सरळ वर, हलकंसं डुलवत. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर खालचं, इंजिनात हवा नेणारं, प्लास्टिकचं मॅनिफोल्ड चिरतं. रेलखाली काही गाड्यांत छोटे स्पेसर असतात, ते टुणकन उडून खालच्या जाळीत जातात. आणि खालच्या रबरी सीलं मोजा. चार बाहेर आली पाहिजेत. एखादं भोकातच चिकटून राहतं, त्यावर नवं बसवलं की काम गेलं. भोकं लगेच स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने बंद करा. कॉटन वेस्ट नको.

मल्टिमीटरने चारही इंजेक्टरांचा रेझिस्टन्स मोजला: १४.२, १४.३, १४.२, १४.४ ओहम. या जातीच्या इंजेक्टरला साधारण १२ ते १६ ओहम असतं, म्हणजे चौघांच्या कॉईल ठीक. जुन्या तीन नंबरचीही. इथे थांबायला हवं होतं. तीन नंबरचा जुना इंजेक्टर एक नंबरला आणि एकचा तीनला लावून गाडी चालवली असती, तर मिसफायर इंजेक्टरबरोबर एक नंबरला गेला की तीनलाच राहिला हे कळलं असतं. या अदलाबदलीला नव्या ओ-रिंगांपलीकडे, म्हणजे त्या रबरी सीलांपलीकडे, खर्च नाही. पण नवा इंजेक्टर पिशवीत होता, पैसे भरून झाले होते आणि घरी मुलगी ‘बाबा, कधी होणार?’ म्हणून तिसऱ्यांदा विचारून गेली होती. मी नवा बसवला.

गाडी सुरू केली. पेट्रोलवर एकदम शांत. मी खुश. बायकोने विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की.

तीन महिने गेले आणि परत पी०३०३. या वेळी सोबत पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ. आणि एक नवं लक्षण: सीएनजीवरही आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, किंचित वर-खाली. याचा अर्थ जुन्या दुखण्यात नवी भर पडली होती, आणि ती पेट्रोलच्या रस्त्यात नव्हती, कारण सीएनजीवरही दिसत होती.

ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर आणि मोबाईलमधलं अॅप इतकं पुरतं इथे. फ्युएल ट्रिम नावाचे आकडे बघायचे. संगणक स्वतःहून किती टक्के इंधन वाढवतोय किंवा घटवतोय ते त्यात दिसतं. साधारण अधिक-उणे १० च्या आत असेल तर गाडी निरोगी. माझ्या गाडीत आयडलला अधिक १८ आणि २५०० आरपीएमला अधिक ६. आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर कमी, हा आकडा बहुतेक वेळा बाहेरची हवा आत शिरत असल्याचा. इंजेक्टर चोक असते किंवा पंप थकला असता तर उलट, लोड वाढेल तशी तूट वाढली असती. पाण्याचा बारीक फवारा इंजेक्टरांच्या बुडाशी मारला, वायरी सांभाळून. तीन नंबरपाशी इंजिनचा आवाज बदलला. कार्ब क्लीनरचा फवारा मारून हीच तपासणी करणारे खूप आहेत. गरम इंजिनवर मी तो मारणार नाही.

रेल परत उतरवली. मी बसवलेल्या नव्या इंजेक्टरची खालची ओ-रिंग एका बाजूने कापली गेली होती. कोरडी बसवली होती ना. ही चूक पूर्ण माझी. ओ-रिंग बसवताना तिला स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब लावायचा, ग्रीस नाही, सिलिकॉन तर मुळीच नाही, ते पुढे ऑक्सिजन सेन्सरला बाधतं. इंजेक्टर अंगठ्याने दाबून बसला पाहिजे आणि बसल्यावर बोटांनी फिरला पाहिजे. फिरत नसेल तर रिंग कुठेतरी चिमटली आहे, काढा. रिंगही पेट्रोल आणि इथेनॉल सोसणाऱ्या रबराची हवी. दुकानात ‘व्हायटॉनची’ म्हणून मागायची. डब्यातली दिसायला तशीच काळी रिंग चालत नाही, ती फुगते. आणि जुनी रिंग परत वापरणं ही पैशांची नव्हे, रविवारांची उधळपट्टी.

तरी एक प्रश्न उरला. कापलेल्या रिंगमुळे आयडलची कुरकुर समजली, पण पेट्रोलवरचं जोरदार मिसिंग तेवढ्याने होईना. शिवाय ते रिंग कापण्याच्या आधीपासून होतं. या वेळी चारही इंजेक्टर पिशवीत घालून टेस्ट बेंच असलेल्या एका माणसाकडे नेले. मी त्यांना दादा म्हणतो, गेली पंचवीस वर्षं हेच काम करतात. चार काचेच्या नळ्यांवर चार इंजेक्टर लावून त्यांनी मशीन चालू केली. एक, दोन आणि चार नंबरमधून फवाऱ्याऐवजी तिरकी पिचकारी निघत होती, चारचा तर बंद केल्यावरही टपकत होता. सगळ्यात बरा तीन नंबर, म्हणजे माझा तीन महिन्यांचा नवा. पण त्याच्याही तोंडावर तपकिरी लाखेसारखा थर यायला लागला होता.

दादांनी तो नखाने खरवडला आणि विचारलं, “गाडी गॅसवर ना? पेट्रोल कधी भरलंत?”

मला आठवेना.

त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, किट बसवणाऱ्यांनी तर नाहीच. गाडी सीएनजीवर असताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात, पण जागचे हलत नाहीत. तोंड तसंच गरम मॅनिफोल्डमध्ये. एरवी त्यातून जाणारं पेट्रोल त्यांना थंड आणि साफ ठेवतं. इथे तोंडाशी राहिलेला थेंब वाळतो, त्यातला हलका भाग उडून जातो, चिकट भाग उरतो. दर सकाळी दोन मिनिटं ओलं, मग दिवसभर भाजणं. त्यात टाकीतलं पेट्रोल सहा-सहा महिन्यांचं. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्याने आलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जवळजवळ रिकाम्या टाकीत पेट्रोलपेक्षा दमट हवाच जास्त. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. भर म्हणजे बऱ्याच गाड्यांत सीएनजीवर असतानाही पेट्रोलचा पंप फिरत राहतो. काटा तळाला असला की त्याला थंड ठेवायला पुरेसं पेट्रोलच नसतं. कौतुकाने सांगत होतो ना, पाचशेचं पेट्रोल महिनोन्‌महिने पुरतं म्हणून.

चार नंबरच्या टपकण्याचा अर्थही तेव्हा कळला. पंप चालू, रेलमध्ये दाब आणि इंजेक्टर गळका, म्हणजे सीएनजीवर चालतानाही थेंब-थेंब पेट्रोल आत. गरम गाडी अर्धा तास थांबवून परत सुरू करताना लांब सेल्फ लागत असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर गळका इंजेक्टर आधी शोधा.

अल्ट्रासॉनिक सफाई केली. चौघांच्या सफाईला मिळून नव्या एका इंजेक्टरपेक्षा कमी पैसे लागले, हे ऐकून गप्प बसलो. आतल्या बारीक जाळ्या आणि सगळ्या रिंगा नव्या घातल्या. सफाईनंतर चारही नळ्यांतली पातळी एका रेषेत आली, टपकणं थांबलं. घरी ९ व्होल्टची बॅटरी लावून आणि क्लीनरची नळी जोडून हेच करायचे व्हिडिओ फिरतात. ठिणगी आणि पेटणारा फवारा एकाच हातात धरायचा प्रकार आहे तो. शिवाय कोणता किती सोडतोय हे त्यात मोजता येत नाही.

टाकी रिकामी करून घेतली. निघालेल्या पेट्रोलला पेट्रोलचा नाही, जुन्या वॉर्निशचा वास होता. पंपाबरोबरचा फिल्टर बदलला, पंधरा लिटर ताजं पेट्रोल भरलं. बसवताना या वेळी घाई केली नाही. रेलचे बोल्ट आळीपाळीने थोडे-थोडे आवळले, शेवटचा टॉर्क सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून. खाली अॅल्युमिनियम किंवा प्लास्टिक असतं, ‘हाताला बरं वाटेल इतकं’ हे माप तिथे चालत नाही. मग फ्यूज लावला, बॅटरी जोडली, गाडी सुरू न करता चार-पाच वेळा नुसती किल्ली ऑन करून दोन सेकंद थांबलो. पंप रेल भरतो, दाब येतो. टॉर्चने बघितलं, प्रत्येक इंजेक्टरच्या वर-खाली कोरडा टिश्यू फिरवला. टिश्यू ओला झाला तर सेल्फ मारायचा नाही. चारही कोरडे. मगच सुरू केली. सिलिंडरचा व्हॉल्व्ह त्याच्याही नंतर, दहा मिनिटं पेट्रोलवर चालवून.

ट्रिम आयडलला अधिक ३ वर आला. वाटलं, संपलं.

तीन आठवड्यांनी, खड्ड्यांच्या रस्त्यावर, भर पावसात, पेट्रोलवर: पी०३०३.

त्या दिवशी मी बोनेट उघडून नुसता उभा राहिलो. नवा इंजेक्टर, साफ इंजेक्टर, नव्या रिंगा, नवं पेट्रोल, नवा फिल्टर आणि तोच तीन नंबर. तेव्हा कुठे ती यादी परत डोक्यात आली: टाकी, पंप, फिल्टर, रेल, इंजेक्टर आणि वायर.

सिक्वेन्शियल किट बसवताना प्रत्येक पेट्रोल इंजेक्टरची एक वायर कापतात आणि तिच्यात किटची वायर जोडतात. गॅसवर गेल्यावर किट तिथून इंजेक्टरला तोडतं आणि गाडीच्या संगणकाला मात्र भासवतं की इंजेक्टर जागेवर आहे. पेट्रोलवर असताना तोच सिग्नल किटमधून फिरून परत इंजेक्टरकडे येतो. म्हणजे चार इंजेक्टर आणि आठ सांधे. मी काळा कोरुगेटेड पाईप चिरून बघितलं. वायरींची टोकं एकमेकांना नुसती पिळून वर काळी टेप. सोल्डर नाही, स्लीव्ह नाही. सात वर्षांच्या उष्णतेने टेपचा डिंक वितळून वाहिला होता. तीन नंबरच्या इंजेक्टरकडच्या सांध्यात तांबं हिरवं पडलेलं, तीन-चार तारा तेवढ्या धरून होत्या. इंजिन पेट्रोलवर आयडलला ठेवून ती वायर लाकडी पट्टीने जरा हलवली. मिसिंग आलं. सोडली, गेलं. हलवली, आलं.

सगळा इतिहास तिथेच उलगडला. सांधा पूर्ण तुटला असता तर इंजेक्टरच्या सर्किटचा पी०२०३ आला असता आणि पहिल्याच दिवशी वायर बघितली असती. तो अर्धवट धरत होता, म्हणून फक्त मिसफायर. सीएनजीवर पेट्रोलच्या इंजेक्टरला कामच नाही, म्हणून तिथे तो सांधा लपला. आणि नवा इंजेक्टर घातल्यावर तीन महिने गाडी का चालली? कनेक्टर काढताना-लावताना वायर हलली, तारा नव्या जागी टेकल्या. श्रेय इंजेक्टरला गेलं. दादांकडून आणल्यावर तीन आठवडे, तेही तसंच. गाडीला हात लावला म्हणून ती बरी झाली होती, भाग बदलला म्हणून नाही. हा फरक ओळखायचा एकच मार्ग मला दिसतो: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि आधी फुकटची बदला. वायर हलवून बघणं फुकट. इंजेक्टरची अदलाबदल जवळपास फुकट. नवा भाग शेवटी.

बॅटरी काढून, रेलला हात न लावता, आठही सांधे सोल्डर करून त्यावर तापवून आवळणारी स्लीव्ह चढवली. उघडल्यावर दोन आणि चार नंबरचे सांधे बरे निघाले, एक नंबरचा हिरवा पडायला सुरुवात झाली होती. सोल्डरिंग आयर्न आणि उघडी रेल एकाच दिवशी नको, म्हणून हे काम वेगळ्या रविवारी केलं. सांध्यांची बाजू पाऊस वाहून येतो त्याच्या उलट वळवली आणि वायर इंजिनबरोबर हलणार नाही अशी क्लिपने बांधली. खरं तर या कामाला कोणताही ऑटो इलेक्ट्रिशियन तास-दीड तास घेईल आणि तो खर्च नव्या इंजेक्टरच्या कितीतरी आत बसेल.

त्यानंतर एक पावसाळा गेला, कोड परत आलेला नाही. सवयी मात्र बदलल्या. टाकी किमान पाव भरलेली. रोज सकाळी पहिले चार-पाच किलोमीटर स्विच मुद्दाम पेट्रोलवर, इंजिन पूर्ण तापेपर्यंत, नुसत्या सुरुवातीच्या थरथरीपुरतं नाही. महिन्यातून एकदा घाटाचा किंवा हायवेचा एक टप्पा पेट्रोलवर, म्हणजे टाकीतलं जुनं संपतं. मायलेजचा हिशोब थोडा बिघडतो. बायको म्हणते, मग किट कशाला बसवलं? तिला अजून पटेल असं उत्तर सापडलेलं नाही.

ज्यांचं नेमकं उलट आहे, म्हणजे पेट्रोलवर गाडी ठीक आणि सीएनजीवरच झटके देते, त्यांनी पेट्रोलच्या रेलला हात लावू नये. आधी प्लग बघा. सीएनजीसाठी गॅप थोडी कमी ठेवतात, आणि झिजून ती वाढली की पहिली तक्रार गॅसवरच येते. मग गॅसचा छोटा फिल्टर, मग गॅसचे इंजेक्टर. त्यापुढे रिड्युसर आणि ट्युनिंग आहे, ते अधिकृत किटवाल्याकडेच. जाल तेव्हा गॅसच्या सिलिंडरच्या पाटीवरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या चाचणीची) तारीखही बघून घ्या, ती दर तीन वर्षांनी लागते. माझी उलटून गेलेली होती, हे मला त्याच वेळी कळलं.